आईला लागलं

झिंडेलफिंगेन
सोमवार, २६ जून २००६

चि. सौ. क्षितिजा,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचे की त्याच पाकिटातून परत करायचे, ते तू ठरव.

स्वरालीच्या पत्त्यावर लिहिते आहे, कारण आखनमध्ये तू दुसऱ्या कुणाकडे जाणार? तुझ्याबरोबर तिथे शिकायला होती आणि लग्नात तुझा शालू सावरत मागेमागे फिरत होती, ती हीच ना? फोन तू उचलत नाहीस. म्हटलं, कराडच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, सुनेला एक पत्र लिहायला काय हरकत आहे.

गेल्या बुधवारी मी अंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघते तर घरात तू नाहीस, इरा नाही, निळी बॅग नाही. अंघोळीला गेले होते गं मी, काशीला नव्हे! तेवढ्या वेळात नऊ वर्षांचा संसार गुंडाळून निघालीस. एक हात प्लास्टरमध्ये असताना बॅग जिन्यावरून कशी उतरवलीस, हे मला अजून कळलेलं नाही.

हृषीची अवस्था बघवत नाही. कारखान्यातून येतो आणि खाली गाडीतच बसून राहतो. वर आला की जेवत नाही. इराच्या टीचरचा दोनदा फोन आला. स्टुटगार्टच्या मंडळातल्या सुधाताईंनी विचारलं, ‘क्षितिजा दिसत नाही?’ मी सांगितलं, मैत्रिणीकडे गेली आहे, हाताला विश्रांती हवी म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची घाई तूच करते आहेस, वकील काय, कोर्ट काय, पोरीचा ताबा काय. एक ऑगस्टची तारीखही घेतलीस म्हणे.

आणि हे सगळं कशावरून? एका अपघातावरून. मुलाने हौसेने कराडहून आलेल्या आईला आगबोटीतून भूमध्य समुद्र दाखवायला नेलं, सुनेला नेलं, पोरीला नेलं. चौथ्या दिवशी बोट इटलीत स्पेझियाला लागली, आपण दिवसभराच्या सहलीला उतरलो, सकाळी लेरिची, दुपारी पोर्तोव्हेनेरे. तिथल्या किल्ल्याच्या पायऱ्या शेकडो वर्षं झिजून गुळगुळीत झालेल्या, तुझ्या चपला त्या तसल्या. पाय घसरला. पडलीस, लागलं. हाड जुळेल, पुढचा दात बसवता येईल. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. माझ्या डाव्या कानाला लागलं होतं तेव्हा मी काय माहेरी जाऊन बसले होते?

इराला घेऊन परत ये. हृषी काही बोलणार नाही, त्याने तसा शब्द दिला आहे.

तुझी सासू,
कुसुम


झिंडेलफिंगेन
शनिवार, ८ जुलै २००६

क्षितिजा,

मागचं पत्र हृषीने वाचलं होतं. दोन ठिकाणी मला पुन्हा लिहायला लावून त्यानेच पाकीट चिकटवलं. कानाचं वाक्य मात्र त्याने राहू दिलं, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे पत्र त्याने वाचलेलं नाही. आज स्टुटगार्टला जर्मनीची मॅच आहे, तो ऑफिसातल्या लोकांबरोबर तिकडे गेला आहे. खाली रस्त्यावर प्रत्येक गाडीला झेंडा लावलेला आहे आणि पोरं दुपारपासून भोंगे वाजवत आहेत.

तुझं उत्तर मिळालं. खालच्या फ्राऊ बॉयर्लेंच्या नावावर पाठवायची अक्कल सुचली, ते बरं केलंस. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली आहे. इथले लोक त्याला केअरवोखे म्हणतात आणि पूजेसारखी पाळतात. मी झाडू घेऊन उतरले तर बाईंनी दार उघडून मला आत ओढलं आणि पाकीट हातात ठेवलं. माझं जर्मन म्हणजे ट्रेप्प म्हणजे जिना, पुत्सन म्हणजे पुसणं आणि आभाराचं दान्के. त्यांचं मराठी शून्य. तरी आमचं बरं चालतं.

पण उत्तर कसलं गं, एक ओळ! ‘आई, तुम्ही जे पाहिलंत तेवढंच लिहा.’ ना नमस्कार, ना तब्येतीची विचारपूस. मला राग आला. अजून आहे.

मी काय पाहिलं? मी काही पाहिलं नाही. त्या चिंचोळ्या गल्लीतल्या दुकानात होते. तुळशीसारख्या पानांची हिरवी चटणी बाटल्यांत भरून विकत होते, त्यात लसूण असते का म्हणून मी बाटली उलटसुलट करत होते. ओरडणं ऐकून बाहेर आले तर तू पायऱ्यांच्या खाली. एवढंच माझ्याकडे आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करते, कारण ती तुला कुठूनतरी कळेलच. सकाळी बोटीच्या कठड्याशी तू मला सांगितलंस की आखनच्या इन्स्टिट्यूटचं पत्र आलंय, ऑक्टोबरपासून डॉक्टरेटला घेतात. हृषीला घरी गेल्यावर शांतपणे सांगेन, तोवर तुमच्या पोटात ठेवा, म्हणालीस. माझ्या पोटात ते दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा राहिलं नाही. लेरिचीला किल्ल्याखाली जेवायला बसलो होतो, हृषी खुशीत होता, माझ्यासाठी बिनमाशांचं काय मिळेल ते वेटरला तिसऱ्यांदा विचारत होता. तू इराला हात धुवायला घेऊन गेलीस आणि मी थट्टेत म्हटलं, ‘सूनबाई डॉक्टर व्हायला आखनला चालल्या, आता तुला डबा कोण देणार रे?’ तो हसला. काटा खाली ठेवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘अरे वा.’ त्यानंतर पोर्तोव्हेनेरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं होतं. तुझे सासरेही आधी असेच गप्प व्हायचे. तुला मी कायम सांगत आले की डबा पडून माझ्या डाव्या कानाला लागलं. डबा पडलाच नव्हता. आमटीत मीठ जास्त झालं होतं आणि पाहुण्यांसमोर मी हसले होते. पाहुणे गेल्यावर मोहनरावांनी पितळी तांब्या उचलला. एकदाच मारला, पण कानावर बसला. शेजारणीलाही मी तेच सांगितलं, माळ्यावरून डबा पडला, कानाला लागलं. तांब्या आम्ही पुढे वीस वर्षं वापरला.

ही गोष्ट मी जन्मात कुणाला सांगितली नव्हती. तुलाही सांगणार नव्हते, लिहिता लिहिता आली.

इथलं सांगते. तू गेलीस त्यानंतरच्या रविवारी त्याने तुझं कपाट रिकामं केलं. आखनच्या तुझ्या सगळ्या वह्या बाथटबमध्ये टाकल्या आणि वरून कढत पाणी सोडलं. शाई सगळ्या टबभर पसरली. तुझी मोरपंखी साडी त्याने स्वयंपाकघरातल्या कात्रीने उभी कापली, सावकाश, माप घेऊन कापावी तशी. इराच्या खोलीच्या दाराला त्याच्या मुठीएवढं भोक आहे. त्याच्या बोटांना मी हळद लावली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय करू?

आता त्याने एक कागद तयार केला आहे. इंग्रजीत, माझ्या नावाने. सून निष्काळजी आहे, तिचं मन पूर्वीपासून ठिकाणावर नाही, ती स्वतःच्या चुकीने पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी त्याला म्हटलं, अरे, मी दुकानात होते. तो म्हणाला, ‘आई, तू दुकानात नव्हतीस.’ त्याचा वकील म्हणतो, पाहणाऱ्या दोनच, आजी आणि नात. नात लहान आहे, म्हणून आजीचा कागद वजनदार. तो दिला तर इरा इथे परत येण्याची आशा आहे.

मी अजून सही केलेली नाही. चष्मा सापडत नाही, असं सांगते आहे. चष्मा पिठाच्या डब्यात आहे.

कुसुम


झिंडेलफिंगेन, फ्राऊ बॉयर्लेंच्या स्वयंपाकघरातून
बुधवार, १९ जुलै २००६

क्षितिजा,

मी दुकानात नव्हते.

चटणीची बाटली मी आधी बघून ठेवून दिली होती. तुम्ही पायऱ्या चढायला लागलात तेव्हा मी आणि इरा तुमच्या मागेच होतो, पंधरा-वीस पायऱ्यांवर. गाईडबाई लाल छत्री उंच धरून बाकीच्या लोकांना त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चर्चकडे घेऊन गेली होती. हृषी तुला म्हणाला, ‘चल, वरून फोटो काढू.’ तू इराचा हात धरला होतास, तो त्याने सोडवला आणि इराला माझ्याकडे ढकललं. दुपारचे अडीच असतील. भिंतीच्या दगडाला हात लावला तर भाजत होतं.

वळणावर त्याने मागून तुझे केस धरले. मुठीला गुंडाळून धरले. ‘आखनला जायचंय? आखनला जायचंय तुला?’ असं दोनदा विचारलं, अगदी हळू आवाजात, आणि तुझं तोंड भिंतीवर आपटलं. दात तुटल्याचा आवाज माझ्या एका कानालाही ऐकू आला. तू हात वर केलास तो त्याला मारायला नव्हे, तोंड झाकायला. तो हात त्याने पिरगाळला, पुन्हा आपटलं, आणि मग दोन्ही हात छातीवर ठेवून तुला खाली ढकललं. तू उलटी आलीस. डोकं, खांदा, पुन्हा डोकं. आमच्या पायाशी येऊन थांबलीस. तुझ्या भुवईतून रक्त उडत होतं आणि इराच्या पांढऱ्या मोज्यांवर पडत होतं.

तो धावत खाली आला, तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठ्याने ओरडायला लागला, ‘हेल्प! माय वाइफ! शी फेल!’ ओरडता ओरडता एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

हे तुला थोडंफार ठाऊक असेल. पुढचं तुला ठाऊक नाही, तू शुद्धीवर नव्हतीस. गेले सहा आठवडे ते माझ्या छातीवर बसलं आहे.

गाईडबाई दोन इटालियन पोलिसांना घेऊन आली. पोलीस तिला त्यांच्या भाषेत विचारणार, ती जर्मनमध्ये विचारणार, आणि मला जर्मन येत नाही म्हणून मध्ये आपली इरा. हृषीला त्यांनी विचारलं होतं, आता म्हातारीला विचारा म्हणाले. इरा माझ्याकडे वळली. तोंड पांढरं पडलं होतं, पण मुलगी रडत नव्हती. म्हणाली, ‘आजी, ती विचारते काय झालं. मी सांगू? बाबानी आईला लागलं.’

बाबानी आईला लागलं. आठ वर्षांच्या पोरीने मोडक्या मराठीत खरं सांगितलं होतं. मारलं हा शब्द तिला त्या क्षणी सुचला नसेल. आपण घरात तो कधी वापरलाच नाही, लागलं हाच वापरला. तुझा गाल सुजला की आईला लागलं, माझा कान गेला तो आजीला लागलं.

मी काय केलं सांगू? मी तिचं वाक्य सुधारलं. दर रविवारी फोनवर सुधारते तसं. म्हटलं, ‘बाबांनी येत नाही तिथे, इरा. चूक आहे ते. नुसतं म्हण, आई पडली, आईला लागलं.’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग रविवारच्या सवयीने पुन्हा म्हणाली, ‘आई पडली, आईला लागलं.’ आणि वळून गाईडबाईला तेच जर्मनमध्ये सांगितलं, ‘मामा इस्ट गेफालन.’ पोलिसाने वहीत लिहून घेतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘शाब्बास.’

आयुष्यभर मुलांना शिकवत आले, क्रियापदाला कोण म्हणून विचारा, कर्ता सापडतो. आणि नातीला कर्ता सापडला होता तो मीच खोडला. मला माझी किळस येते, क्षितिजा. तेव्हापासून इरा माझ्याशी मराठीत एक अक्षर बोललेली नाही. हॉस्पिटलात, बोटीवर, घरी, काहीही विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये. तुला वाटलं असेल की धक्क्याने झालं. ते तसं नव्हतं.

आता कालचं. हृषी संध्याकाळी कागद घेऊन आला. त्याने पिठाच्या डब्यातून चष्मा काढला, पुसला, माझ्या नाकावर बसवला आणि पेन दिलं. मी वाचलं. म्हटलं, ‘हृषी, हे मी नाही करणार.’ एवढंच म्हटलं, आवाज चढवला नाही. तो गप्प झाला. खिडकीबाहेरच्या पट्ट्यांचा रोलाडन खाली ओढला, सावकाश, एकेक पट्टी. मग माझ्या मानेमागे हात ठेवला. मला क्षणभर वाटलं, मला जवळ घेतो आहे. त्याने माझं डोकं टेबलावर आपटलं. चष्मा डोळ्याखाली फुटला. ‘सही कर.’ पुन्हा आपटलं. ‘सही कर, आई.’ आई म्हणत होता गं तो प्रत्येक वेळी. माझा उजवा हात धरून पेनाभोवती बोटं दाबली, करंगळी वाकली ती वाकलीच. कागदावर रक्त पडलं आणि कागद वाया गेला. तेव्हा त्याने सोडलं.

मग जमिनीवर बसून रडायला लागला. माझ्या पायांना मिठी मारली. मी डाव्या हाताने त्याच्या केसांवरून हात फिरवला. हे तुला का सांगते? खरं लिहायचं म्हटलं तर तेही लिहायला हवं.

आवाज ऐकून फ्राऊ बॉयर्ले वर आल्या. त्याने दार अर्धं उघडलं. त्यांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘ट्रेप्प?’ जिन्यावरून पडलात का? आणि मी म्हटलं, ‘या, ट्रेप्प.’ हो, जिन्यावरून. काल रात्रीपर्यंत मी ही अशी होते. कुणी फसवलं नाही, कुणी धमकावलं नाही, जीभ आपोआप तिकडे वळली.

आज सकाळी तो कामावर गेल्यावर मी पासपोर्ट, तिकीट आणि दोन साड्या पिशवीत घातल्या आणि खाली येऊन यांची बेल वाजवली. बोटाने वर दाखवलं आणि म्हटलं, ‘नाइन ट्रेप्प. माइन झोन.’ जिना नाही, माझा मुलगा. झोन हा शब्द त्यांनीच मला शिकवला होता, स्वतःच्या मुलाचा फोटो दाखवताना. बाई म्हणाल्या, ‘गेनाऊ.’ बरोब्बर म्हणायचं असलं की इथे हेच म्हणतात. त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांनी डॉक्टरला फोन केला आहे, मग मला हेरेनबेर्गला त्यांच्या बहिणीकडे सोडणार आहेत. एका डोळ्याने आणि डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर स्वरालीला विचार.

अजून एक. तू गेलीस त्या बुधवारी मी बाथरूममध्ये होते तेव्हा बॅगेची चाकं ऐकली होती. माझी अंघोळ कधीच झाली होती. मी नळ चालू ठेवून स्टुलावर बसून राहिले, तुझी बॅग खाली पोचेपर्यंत. याचं श्रेय मागत नाही. दार उघडून बॅग उतरवायला मदत केली असती तर मागितलं असतं.

तुझ्या वकिलाला कळव, एक तारखेला मी येईन.

कुसुम


हेरेनबेर्ग
बुधवार, २ ऑगस्ट २००६

क्षितिजा,

काल कोर्टात आपण एका खोलीत तासभर होतो आणि तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बरोबर केलंस. मी समोरासमोर बोलायला गेले असते तर रडले असते आणि तुला माझे डोळे पुसावे लागले असते. ती सेवा तू नऊ वर्षं केलीस. म्हणून लिहिते.

आत काय झालं ते तू ऐकलंस. बाहेर काय झालं ते सांगते.

मला पावणेदहाला बोलावलं होतं. त्याआधी दुभाषे भेटायला आले, चंद्रशेखर नावाचे, चाळीस वर्षं स्टुटगार्टला असलेले, सभ्य गृहस्थ. ‘काकू, नमस्कार’ म्हणून शेजारी बसले. माझ्या डोळ्याखालचे टाके बघून न बघितल्यासारखं केलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘तुम्ही आई आहात. मुलाची नोकरी आहे, इथे नाव आहे. काकू, तुम्ही ढकललं म्हणालात तर मी ढकललं सांगीन, माझं कामच ते. पण तुम्ही धक्का लागला असं म्हणालात तर दोन्हीकडचं राहील. विचार करा.’

वाईट माणूस नव्हे तो. माझ्यावर उपकारच करत होता. महिन्यापूर्वी मी त्याचे पाय धरले असते. मी म्हटलं, ‘भाऊ, मी मराठीची मास्तरीण आहे. लागला आणि लावला यातला फरक मला शिकवू नका. मी जसं बोलेन तसं सांगा. एक शब्द जरी मऊ केलात तर मला कळणार नाही, पण माझ्या सुनेला जर्मन येतं आणि ती उभी राहील.’ ते उठून पाणी प्यायला गेले.

मग आत मी जे बोलले ते तू ऐकलंस. माझ्या मुलाने तिचे केस धरले. माझ्या मुलाने तिला भिंतीवर आपटलं. माझ्या मुलाने तिला ढकललं. मी पाहिलं. मी खोटं सांगितलं. मी नातीला खोटं सांगायला लावलं. चंद्रशेखरांनी एकही शब्द मऊ केला नाही, एवढं मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. हृषी सबंध वेळ माझ्या हातांकडे बघत होता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुमच्या बोटाचं काय झालं, तेव्हा तो एकदम उभा राहिला आणि मराठीत ओरडला, ‘तुला मुलगा नाही, समजलं? आजपासून तुला मुलगा नाही!’ त्याच्या वकिलाने त्याला कोट धरून खाली बसवलं. हे भाषांतर करायचं का, म्हणून चंद्रशेखरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, करा.

माझा एकच मुलगा, क्षितिजा. मी तो काल स्वतःच्या तोंडाने घालवला. तो माझ्या पोटात असताना मोहनरावांनी मला लाथ मारली होती आणि मी पोट दोन्ही हातांनी झाकून घेतलं होतं. तेव्हा त्याला वाचवलं. पुढे त्याने पहिल्यांदा तुझ्यावर हात टाकला तेव्हा मी बातमी ऐकून फोनवर तुला म्हटलं, शांत रहा, उलट बोलू नकोस. त्याला नाही म्हटलं, तुला म्हटलं. माझ्या हातून काय काय झालं याची यादी मला आता पाठ आहे.

मी बाहेर आले, तू आणि वकील आत थांबलात. कॉरिडॉरमध्ये बाकावर इरा स्वरालीच्या शेजारी बसली होती. न्यायाधीशबाई तिच्याशी सकाळीच एकटीशी बोलून झाल्या होत्या. तुझी परवानगी नव्हती, तरी मी गेले. स्वराली उठायला लागली, मी तिला म्हटलं, तू इथेच बस, मी जे बोलेन ते ऐक आणि क्षितिजाला सांग. मी इराच्या समोर जमिनीवर बसले, गुडघे दुखतात म्हणून बाकाला धरून.

म्हटलं, ‘इरा, त्या दिवशी पायऱ्यांवर तू जे म्हणालीस ते खरं होतं. मी ते बदललं.’

ती माझ्या डोळ्याखाली बघत होती. मग विचारलं, जर्मनमध्येच, आणि स्वरालीने मला सांगितलं, ‘विचारते आहे, हे बाबांनी केलं?’

मी म्हटलं, ‘हो. बाबांनी मला मारलं.’

इरा स्वरालीच्या मांडीवर डोकं ठेवेल असं मला वाटलं. ठेवलं नाही. सरळ बसली. आणि आठ आठवड्यांनी पहिल्यांदा मराठीत बोलली. तिच्या आवाजात राग होता आणि तो अगदी स्वच्छ माझ्यावरचा होता. म्हणाली, ‘आजी, तू मला खोटं केलं.’

असं म्हणत नाहीत मराठीत. मला खोटं बोलायला लावलंस, असं म्हणतात.

मी काही सुधारलं नाही. म्हटलं, ‘हो, इरा. मी केलं.’

शनिवारी माझं विमान आहे.

कुसुम